गंजलेला रंधा ठेवायचा की भंगारात घालायचा?

प्रश्न चोपडा तालुक्यातल्या एका शिक्षकांचा आहे, सोबत फोटोही पाठवलेत. जुनं धाब्याचं घर उतरवताना कोनाड्यातून पत्र्याची पेटी निघाली आणि तिच्यात आजोबांचा लोखंडी रंधा. लांबी चौदा इंच. सगळा तांबडा झालेला, मागची मूठ अर्धी मोडलेली, स्क्रू जागचे हलत नाहीत आणि तोंडाच्या, म्हणजे तळाला पातं बाहेर येतं त्या खाचेच्या, डाव्या कोपऱ्यात केसाएवढी एक रेघ. गावातले सुतार पाहून म्हणाले, "हाऊ आते कामना नही," म्हणजे हा आता कामाचा नाही. भंगारवाला किलोवर न्यायला तयार आहे. शिक्षक विचारतात, "आप्पा, यात काही जीव आहे का? की उगाच माझे दोन रविवार जातील?"

भाऊ, आधी भंगारवाल्याचं बघू. चौदा इंची रंधा भरतो सव्वादोन किलोच्या आसपास, म्हणजे बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) भावाने त्यात एक प्लेट शेवभाजीही येणार नाही. तेवढ्यासाठी घाई करू नका. पण "आजोबांचा आहे म्हणून दुरुस्त केलाच पाहिजे" असंही मी म्हणणार नाही. मी जळगावात अडतीस वर्षं फर्निचरचं काम करतोय. वडील यावलकडे गाड्या, वखर, पाभर करायचे, त्यांच्या हाताखाली रंधा धरायला शिकलो. आजवर शंभरेक जुने रंधे हातातून गेले असतील. त्यातले निम्मे मी सोडून दिले, आणि गंज बघून क्वचितच सोडले.

लोक गंजाला घाबरतात कारण तो आधी दिसतो. एक ताजा अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात माझ्याकडे दोन रंधे आले. एक अमळनेरकडच्या एका घरातला, चुलीच्या वरच्या फळीवर वर्षानुवर्षं पडलेला, काजळी आणि गंज यांचं जाड कवच चढलेला. दुसरा वरून बरा दिसणारा, नुसते तांबडे ठिपके. पहिल्याचं कवच डिझेल आणि ब्रशने एका दुपारी उतरलं, खाली करडं, गुळगुळीत बीड. दुसरा खताच्या गोण्यांशेजारी ठेवलेला होता. ठिपके पुसले तर प्रत्येकाखाली खड्डा, देवीचे व्रण असतात तसे, आणि पात्याच्या टोकापर्यंत पोचलेले. युरिया, पोटॅश हवेतलं पाणी ओढून घेतात आणि त्यांच्या शेजारचं लोखंड आतून खाल्लं जातं. गोठ्यातल्या हत्यारांचंही तेच. म्हणून मी पहिलं हे विचारतो की रंधा होता कुठे. आपल्या खान्देशात आठ महिने हवा कोरडी असते, नुसत्या माळ्यावर पडलेल्या लोखंडाला कोकणातल्यासारखं खोल लागत नाही. तुमची पेटी कोनाड्यात होती म्हणता, हे चांगलं लक्षण आहे.

आता ती रेघ. माझ्या मते तुमचा सगळा प्रश्न त्या रेघेवर अडलेला आहे. बाकीचं नंतर.

रंध्याचा सांगाडा बिडाचा असतो. बीड कडक असतं, कंप खातं, झिजायला चिवट असतं, म्हणून रंध्याला चांगलं. पण ते वाकत नाही, फुटतं. टेबलावरून फरशीवर पडलं की तडा जातो, आणि तडा जातो तोंडापाशी, कारण तिथे मधोमध खाच कापलेली आहे आणि दोन्ही बाजूंना उरलेली पट्टी अरुंद. तिथून तो बाजूच्या भिंतीत वर चढतो. तुमची रेघ नेमकी त्याच जागी आहे. पण तिथेच पात्याचा कोपरा घासून ओरखडाही उठतो, आणि ओतीव कामातली जुनी शिवणही दिसते. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात.

पहिली परीक्षा कानाची. पातं, मुठी, आतलं सगळं काढा. स्क्रू अडले असतील तर निदान पातं आणि त्याला वरून दाबून धरणारी लिव्हर कॅप काढा. सांगाड्याला एका टोकाकडून सुतळीने अधांतरी टांगा आणि पटाशीच्या लाकडी मुठीने हलकेच टकटक करा. अखंड बीड खणखणतं, आवाज थोडा वेळ लांबतो. तडकलेलं फुटक्या घागरीसारखं बद्द वाजतं. पण आत फ्रॉग, म्हणजे पातं ज्यावर टेकतं तो तिरपा तुकडा, घट्ट बसलेला असला तरी आवाज दबतो, म्हणून एवढ्यावर फाशी देऊ नका.

दुसरी परीक्षा मी वडिलांकडून शिकलो, आणि तुमच्यासाठी तर सामान शाळेतच आहे. तोंडाभोवतीचा भाग पेट्रोलमध्ये भिजवलेल्या पितळी ब्रशने साफ करा. काचपेपर मारू नका, त्याने बिडाची भुकटी तड्यात बसते आणि तडा लपतो. साफ झालं की त्या रेघेवर डिझेल लावून वीस मिनिटं सोडून द्या. मग कोरड्या फडक्याने पुसून काढा, दुसऱ्या फडक्याने पुन्हा, अगदी बोट फिरवलं तर तेलकट लागू नये इतकं. आता पांढरा खडू आडवा धरून त्या जागेवर घासा, पातळ पांढरा थर बसू द्या, आणि रंधा सावलीत ठेवून चहा घेऊन या.

ओरखडा असेल तर खडू पांढराच राहतो, कारण ओरखड्यातलं डिझेल फडक्याने निघून गेलेलं असतं. तडा असेल तर आत शिरलेलं डिझेल हळूहळू बाहेर झिरपतं आणि खडूवर एक ओली, काळसर रेघ उमटते. ती कुठे संपते ते नीट बघा, कारण निकाल तिथेच लागतो. रेघ तळाच्या पट्टीतच अर्ध्या इंचात संपली तर मी तो रंधा वापरतो. माझ्याकडे एक असा आहे, बावीस वर्षं झाली, तडा तिळभर पुढे सरकलेला नाही. रेघ तळ ओलांडून बाजूच्या भिंतीत चढली असेल तर सोडा. वेल्डिंगवाला म्हणेल, निकेलच्या रॉडने भरून देतो. देईलही. पण उष्णतेने तळ पिळवटतो, मग तो सपाट करण्यात जी मेहनत जाईल तिच्यात दुसरा रंधा मिळतो. पितळी झाळ त्यातल्या त्यात बरी, कारण तिच्यात बीड वितळवावं लागत नाही. तरी मी ती फक्त आठवणीच्या वस्तूवर करेन, कामाच्या हत्यारावर नाही.

इथे माझी एक फजिती सांगून टाकतो. पंधराएक वर्षांपूर्वी जुन्या हत्यारांच्या एका विक्रेत्याकडून मी एक चकचकीत रंधा घेतला. नवा काळा रंग, मुठींना पॉलिश, पातं आरशासारखं. घासाघीस न करता पैसे दिले, कारण तो पाहूनच हात शिवशिवले. महिनाभराने सागाच्या चौकटीवर जोर दिला तर तोंडापाशी रंगाला रेघ पडली. खरवडून पाहिलं तर आत एपॉक्सी भरलेली, वरून रंग. तेव्हापासून रंगवलेल्या रंध्यापेक्षा गंजलेला रंधा विकत घ्यायला मला जास्त धीर येतो. त्याने अजून काही लपवलेलं नसतं.

तडा नाही असं ठरलं तर पुढचा विचार स्क्रूंचा. पात्याचा नाही, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. पातं बदलता येतं. स्क्रू मात्र आपल्या बाजारात मिळत नाहीत. चौदा इंची लोखंडी रंधा म्हणजे पाच नंबर, आणि ही सगळी जात मुळात अमेरिकेतल्या लिओनार्ड बेली या कारागिराच्या रचनेवर बेतलेली आहे. त्याचे हक्क स्टॅन्ले कंपनीने १८६९ मध्ये घेतले. कंपनीने स्क्रूंचे आटे स्वतःच्या मापाचे ठेवले, उदाहरणार्थ लिव्हर कॅपचा स्क्रू नऊ-बत्तीसांश इंच जाड आणि इंचाला २४ आटे. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मेट्रिक मिळतं, जुन्या दुकानात फार तर पाव इंची. म्हणजे एक स्क्रू तुटला की लेथवाल्याकडे जा, नाहीतर दुसऱ्या मेलेल्या रंध्यातून काढा. मी म्हणूनच तडकलेले रंधेही फेकत नाही, त्यांचे स्क्रू, पितळी चक्री, लिव्हर कॅप काढून डब्यात ठेवतो.

त्यामुळे तुमचे स्क्रू "हलत नाहीत" यात घाबरण्यासारखं काही नाही, पण घाई केलीत तर मात्र आहे. चार दिवस रोज संध्याकाळी प्रत्येक स्क्रूच्या डोक्याभोवती डिझेलचे दोन थेंब टाका आणि हातोडीने बारीक ठोका द्या, खिळा ठोकतो तसा नव्हे, दार वाजवतो तसा. पाचव्या दिवशी स्क्रू ड्रायव्हर घ्या, आणि तो खाचेत चपखल बसला पाहिजे. जुन्या स्क्रूंची खाच अरुंद आणि खोल असते, आताचे स्क्रू ड्रायव्हर टोकाला निमुळते असतात, ते वर उचलले जातात आणि खाचेच्या कडा खातात. मी एक जुना स्क्रू ड्रायव्हर कानशीने घासून फक्त या कामासाठी केलाय. आधी उलटा नाही, सुलटा फिरवा, म्हणजे घट्ट करायच्या दिशेने किंचित. "कट्" असा आवाज आला की सुटला. तरी नाही सुटला तर हीट गनने आसपासचं बीड तापवा, आणि तापल्यावर पाणी टाकू नका. गरम बिडावर थंड पाणी म्हणजे आपल्याच हाताने तडा.

एकदा मी वडिलांच्या रंध्याचा पुढच्या मुठीचा बोल्ट असाच जोर लावून तोडला. निम्मा आत राहिला. वडील काही बोलले नाहीत, फक्त रंधा माझ्या हातातून घेऊन गेले. तो अर्धा बोल्ट काढायला मला तीन दिवस लागले.

आता पातं. पातं उलटं करा, म्हणजे सपाट बाजू वर. धारेपासून वर बोटभर जागा बघायची आहे, बाकी पातं कितीही खाल्लेलं असो. तिथे खड्डे असतील तर धार कधीच सलग येणार नाही. धार म्हणजे दोन सपाट पृष्ठभागांची भेट, आणि त्यातला एक खड्ड्यांचा असेल तर प्रत्येक खड्ड्यापाशी धारेला दातरा पडेल, सागावर रेघा उमटतील. खड्डे उथळ असतील तर घासून जातात. किती घासायचं? माझा नियम असा की अर्ध्या तासात गेले तर गेले, नाहीतर नवीन पातं घ्यायचं. दोन इंची पाती आपल्याकडे मिळतात. फक्त जुन्या रंध्यात फार जाड पातं घेऊ नका. जुनी पाती दोन मिलिमीटरच्या आसपास असतात. जाड पातं तोंडात अडतं, आणि खालीवर करणारी कळ त्याच्या खाचेपर्यंत नीट पोचत नाही.

पात्यावर निळा डाग आहे का तेही बघा. कुणीतरी ग्राइंडरवर धरून तापवलेलं असतं. साधं पोलादी पातं निळं पडलं म्हणजे पाणी उतरलं, कडकपणा गेला. त्या भागाला धार लागेल, पण दोन फळ्यांत जाईल. निळा भाग थंड हाताने, पाण्यात बुडवत बुडवत घासून संपवला की मागचं पातं बहुतेक वेळा ठीक निघतं. खात्री करायची तर बारीक कानस फिरवा. पाणी असलेल्या पात्यावरून ती घसरते, उतरलेल्या पात्याला चावते.

अजून एक, कारण हे मला दर वर्षी कुणीतरी विचारतं. जुन्या विलायती पात्यावर "कास्ट स्टील" असा ठसा असतो आणि लोक समजतात की बिडाचं पातं आहे, म्हणजे कुचकामी. उलट आहे. अठराव्या शतकात शेफील्डमध्ये मुशीत वितळवून पोलाद करायची रीत बसली, त्या पोलादाला हे नाव. मला ते सापडलं की मी पातं आधी खिशात घालतो आणि मग रंध्याचा भाव विचारतो.

कोणत्या कंपनीचा, याला मी कमी महत्त्व देतो. तुमच्या फोटोत "मेड इन इंग्लंड" वाचता येतंय. तो स्टॅन्ले असू शकतो, कारण त्यांनी पुढे शेफील्डमध्येही रंधे बनवले, किंवा रेकॉर्ड कंपनीचा असू शकतो. रेकॉर्डच्या नंबरापुढे शून्य असतं, ०५ असं. दोन्ही चांगले. भुसावळ रेल्वेचं गाव, त्या बाजूच्या घरांतून विलायती हत्यारं जास्त निघतात असा माझा अनुभव आहे. देशी अनंत छापाचे जुने रंधेही मी आनंदाने दुरुस्त केलेत, त्यांना सुरुवातीची घासाघीस जास्त लागते इतकंच. ज्यांच्यापासून मी लांब राहतो ते नाव नसलेले, भडक रंगाचे, पत्र्याची लिव्हर कॅप असलेले. त्यांचा फ्रॉग नीट टेकत नाही, पातं थरथरतं, आणि कितीही घासलं तरी लाकडावर लाटा उठतात. असा रंधा नवा कोरा मिळाला तरी नको. आणि लाखात विकला जाईल ही आशाही सोडा. तीन ते सात नंबरचे रंधे जगात इतके बनलेत की ते कामासाठीच ठेवायचे.

मग दुरुस्त करावा का? माझा उलट प्रश्न असा की रंधून काय करणार? पावसाळ्यात फुगलेलं एक दार सरळ करायचं असेल तर सुताराला बोलवा, त्याचं इलेक्ट्रिक प्लेनर पाच मिनिटांत करेल. तुम्ही म्हणता घराचे जुने सागाचे खांब, तुळया ठेवल्यात आणि त्यांचं टेबल करायचंय. मग हा रंधा हवाच. पण त्या सागाआधी दोन गोष्टी. धाब्याच्या घराच्या लाकडात खिळे असतात आणि कडांमध्ये माती बसलेली असते. वायर ब्रशने माती काढा, चुंबक फिरवून खिळे शोधा, नाहीतर पहिल्याच ओढीत पात्याची वाट लागेल. आणि साग हाताला मऊ लागत असला तरी त्यात वाळूसारखी सिलिका असते, ती धार खाते. दर पंधरा-वीस मिनिटांनी दगडावर जायची तयारी ठेवा. तुळयांत एखादी अंजनाची निघाली तर ती बाजूला ठेवा. आपल्या सातपुड्याचा अंजन दगडासारखा आहे, नवशिक्याने पहिल्या रंध्यावर तो घेऊ नये. मी अजूनही त्याच्यापुढे बिचकतो.

गंज काढायचा साधा मार्ग. किराणा दुकानातलं लिंबूफूल, लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम, प्लास्टिकच्या टबात. लाकडी मुठी आधी काढा. सांगाडा बुडवा आणि दर तासाला बाहेर काढून ब्रश मारा. तीन-चार तासांत होतं. मी एकदा "रात्रभर राहू दे" म्हणून झोपलो. सकाळी गंज गेला होता आणि बिडाच्या अंगावर काळा, खरखरीत थर चढला होता, बाजूंवरची घोटाई गेली ती गेली. बाहेर काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा, म्हणजे आम्ल मरतं, लगेच पुसा, उन्हात वाळवा आणि तासाभरात तेल लावा. उशीर केलात तर डोळ्यांदेखत पिवळा गंज धरतो. तेल शिलाई मशीनचं. खोबरेल लावू नका, ते काही महिन्यांनी चिकट होतं आणि धूळ धरतं. विजेने गंज काढायची रीतही आहे, धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर वापरून. चांगली आहे, पण त्यात हायड्रोजन निघतो आणि तारा उलट्या लागल्या तर रंधाच झिजतो. एका रंध्यासाठी त्या वाटेला जाऊ नका.

वायर व्हीलही नको, निदान वरच्या भागावर. आजोबांनी कुठेतरी नावाची अक्षरं पंचाने ठोकलेली असतील, बहुतेक बाजूला किंवा पात्याच्या वरच्या टोकाला. जुने सुतार ठोकायचेच, कारण कामावर हत्यारं बदलली जायची. व्हील त्या अक्षरांच्या कडा गोल करतं.

तळ सपाट करायचा म्हणजे सगळा तळ आरशासारखा करायचा असं नव्हे. दहा मिलिमीटरच्या काचेवर ऐंशी नंबरचा काचपेपर चिकटवा, पातं आत ओढून पण लिव्हर कॅप नेहमीसारखी आवळून ठेवा, कारण आवळल्यावर तळ किंचित वाकतो. मार्करने तळावर आडव्या रेघा मारा आणि घासा. पुढचं टोक, तोंडाच्या लगेच पुढची पट्टी आणि मागचं टोक, या तीन जागांच्या रेघा गेल्या की थांबा. मधे कुठे काळं राहिलं, खड्डे राहिले, तर राहू द्या. कडप्प्यावर घासू नका, तो दिसतो सपाट, असतो नाही. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून तळ "साफ" करून देणारे लोक आहेत, त्यांच्या हातात रंधा देऊ नका, तळावर दऱ्या पडतात.

पात्यावरची कॅप मात्र नीट बघा, लिव्हर कॅप नव्हे, पात्याला स्क्रूने जोडलेली दुसरी पट्टी. कॅप आणि पातं एकत्र आवळून उजेडाकडे धरा. दोघांमधून उजेडाची रेघ दिसली तर तिथे छिलका घुसतो, तोंड चोंदतं आणि माणूस वैतागून रंधा फेकतो. नव्वद टक्के "बिघडलेल्या" रंध्यांचा बिघाड एवढाच असतो, असं मी म्हटलं तर बायको म्हणते टक्के मोजले होते का. मोजले नव्हते. पण तुमच्या गावातल्या सुतारांनी तो बाजूला टाकला त्याचं कारण हे असू शकतं.

लाकडी रंधा कुणाकडे निघाला तर त्याचा हिशेब वेगळा. तिथे आधी पातं बघायचं. जुन्या लोहारी पात्याला फक्त टोकाशी पोलाद जडवलेलं असतं, उतारावर नीट पाहिलं तर खालच्या मऊ लोखंडाची एक छटा आणि पोलादाची दुसरी, उजळ छटा दिसते. ती उजळ पट्टी घासून संपली असेल तर पातं संपलं. लाकडाला भोकं असतील तर उन्हात पांढऱ्या कागदावर ठेवून द्या, कागदावर ताजा भुगा पडला तर कीड जिवंत आहे. आपल्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला गेला की लाकडी रंध्याला मागच्या टोकाकडून चिरा पडतात. वडील चैत्रातच त्याच्या तोंडात जवसाचं तेल भरून ठेवायचे, लाकूड पिऊ शकेल तितकं.

तुमच्या मोडक्या मुठीची काळजी करू नका. ती सर्वात सोपी आहे. शिसवाचा इंचभर जाड तुकडा, जुनी मूठ कागदावर ठेवून काढलेला आकार, आणि बोल्टसाठी लांब भोक. फक्त भोक आधी पाडा, आकार नंतर कापा, नाहीतर ड्रिल बाजूने बाहेर येतं. आणि ती बसवल्यावर उन्हाळ्यात एकदा बोल्ट आवळा, पावसाळ्यात किंचित सैल करा. लाकूड आकसतं-फुगतं, बीड नाही.

एक छोटी गोष्ट, तुम्हाला कदाचित लगेच दिसेल. पात्यावर पैशाएवढा एक गोल, इतरांपेक्षा खोल डाग आहे, बरोबर मधोमध. गंज असा गोल क्वचितच धरतो. माझ्या वडिलांच्या पात्यावरही तसाच होता. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की ओलं कुंकू तसंच राहतं, वर फूल, आणि रात्रभरात लोखंड धरतं. तसं असेल तर त्या पेटीत ठेवण्याआधी शेवटच्या वर्षीही त्याची पूजा झालेली होती. डाग धारेपासून लांब आहे, पात्याच्या कामाला काही होत नाही. घासायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

खर्चाचं विचारलंत. काचपेपर, लिंबूफूल, तेल धरून माझ्या हिशेबाने दोन-तीनशे रुपये, पातं बदलावं लागलं तर वर आणखी काहीशे. रविवार दोन नाही, तीन धरा, स्क्रूंचे चार दिवस वेगळे. पण आज यातलं काहीही विकत आणू नका. शाळेतून एक खडू घरी न्या, ती परीक्षा करा, आणि खडूवर रेघ उमटली तर ती पुसायच्या आत बाजूला पट्टी ठेवून फोटो पाठवा, म्हणजे तडा किती वर गेलाय ते मला मोजता येईल. खडू पांढराच राहिला तर मुठीचं माप पाठवा. शिसवाचा तुकडा माझ्याकडे पडून आहे, पुढच्या वेळी जळगावला आलात की घेऊन जा.